थळघाटाच्या माथ्यावरील इगतपुरी

सह्याद्रीच्या ज्या घाटवाटांनी कोकणचे मीठ वर चढले आणि देशावरचे धान्य खाली उतरले, त्यांपैकी थळघाटाची वाट फार पुरातन. कल्याण आणि नाशिक या दोन पेठांमधील तिची वहिवाट शतकानुशतके चालू होती, तिच्या माथ्याजवळ घाटनदेवीचे ठाणे होते आणि आसपासच्या डोंगरांवरून त्रिंगलवाडी व कावनई हे किल्ले त्या मुलखावर नजर ठेवून होते. या सर्व वैभवात इगतपुरीचा वाटा मात्र नगण्यच. भात आणि नागलीवर गुजराण करणारे, पावसाळ्याचे चार महिने धुक्यात बुडून जाणारे ते एक लहानसे मौजे होते. पुढे आगगाडीने त्याचे शहर केले, असे सर्वजण सांगतात आणि ते खरेही आहे. परंतु आगगाडीच्या चालण्यापेक्षा तिच्या अडण्याचेच उपकार या गावावर अधिक आहेत, असे मला वाटते.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीच्या प्रवर्तकांच्या आरंभीच्या योजनेत तर थळघाट नव्हताच. त्यांची नजर माळशेज घाटावर होती. कंपनीचे मुख्य अभियंते जेम्स बर्कले यांनी पाहणीअंती माळशेज बाजूस सारून पुण्याकडे बोरघाट आणि खानदेश-वऱ्हाडाकडे थळघाट मुक्रर केला. तसे झाले नसते तर मढ-ओतूरच्या बाजूस एखादे रेल्वेचे गाव वसले असते आणि इगतपुरीचे नाव महसुली दप्तराबाहेर फारसे कोणी घेतले नसते.

उत्तर हिंदुस्थानात उठावाचा वणवा पेटलेला असतानाच, ऑक्टोबर १८५७ मध्ये, वाइथ्स आणि जॅक्सन या ठेकेदारांनी घाटाच्या कामास हात घातला. अंतर अवघे सव्वानऊ मैलांच्या आसपास, पण तेवढ्यात चढायचे ९७२ फूट. जिथे चढ सर्वांत तीव्र, तिथे ३७ फुटांस एक फूट. तेरा बोगदे कोरावे लागले आणि एहेगावची दरी ओलांडण्यासाठी तळापासून सुमारे १९० फूट उंचीचा पूल उभारावा लागला. पर्जन्यकाळात काम जवळजवळ ठप्प होई आणि उन्हाळ्यात पटकीची साथ आली म्हणजे मजुरांचे तळच्या तळ रिकामे होत. बर्कले यांचे नाव इतिहासात राहिले. ज्यांनी सुरुंगाची भोके पाडली आणि डोक्यावरून माती वाहिली, त्यांची नावे ठेवण्याची तसदी कोणी घेतली नाही.

घाट असा रेंगाळत असता सपाटीवरची कामे मात्र भराभर उरकत गेली. त्यामुळे १८६१ च्या जानेवारीत एक विलक्षण स्थिती निर्माण झाली. खालून मुंबईची गाडी कसाऱ्यापर्यंत येऊ लागली, वर इगतपुरीहून नाशिककडे गाडी धावू लागली, आणि मधला घाट तसाच राहिला! वरच्या लोहमार्गावर चालणारी इंजिने आणि डबे आधी घाटरस्त्यानेच वर चढवावे लागले. पुढे चार वर्षे प्रत्येक उतारूने कसाऱ्यास उतरावे, घाट गाडीरस्त्याने चढावा आणि इगतपुरीस पुन्हा गाडीत बसावे, हाच क्रम चालला. जिथे माल उतरवून पुन्हा भरावा लागतो तिथे हमाल, गाडीवान, बैलांचा चारा विकणारा, रात्रीच्या मुक्कामाची सोय करणारा आणि हिशेब लिहिणारा कारकून यांची वस्ती आपोआपच जमते. इगतपुरीच्या नागरी जीवनाचा पाया या खंडित लोहमार्गाच्या काळातच पडला असला पाहिजे.

आणि तो काळही कोणता! १८६१ मध्येच अमेरिकेत यादवी युद्ध जुंपले, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे मोल आले. मुंबईत शेअरबाजाराचे वेड शिगेस पोहोचले असता तो कापूस लोहमार्गाने इगतपुरीपर्यंत येई आणि ऐन घाटात पुन्हा बैलाच्या चालीने उतरे. अखेर १ जानेवारी १८६५ रोजी कसारा ते इगतपुरी मार्ग खुला झाला, आणि त्यानंतर चारच महिन्यांत अमेरिकेतील युद्ध आटोपून कापसाचे भाव कोसळू लागले. ज्या सुगीसाठी घाट हवा होता ती सुगी घाट तयार होताच ओसरली. ही विपरीत गत पाहण्यास बर्कले हयात नव्हते. १८६२ मध्येच ते इंग्लंडात निवर्तले होते.

लोहमार्ग सलग झाल्यावर उतारूंची चढउतर संपली, मग हे गाव ओस का पडले नाही? कारण चढ कायम होता. बोरघाटाप्रमाणे इथेही गाडी एका ठाण्यावर थांबवून, इंजिन दुसऱ्या टोकास लावून, उलट दिशेने पुढे न्यावी लागे. घाट चढायला जादा इंजिनांचे बळ लागे आणि माथ्यावर आल्यावर ती सोडवावी लागत. उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक तपासल्याखेरीज तिला खाली सोडता येत नसे. कोळसा, पाणी, दुरुस्ती, माणसांची बदली या सर्वांचा बंदोबस्त माथ्यावरच करणे प्राप्त होते. म्हणून इंजिनांची शेड आली, कारखाना आला, गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन ड्रायव्हर-गार्डांचे बंगले आणि त्यांचे गिरिजाघर आले. मुंबईपासून ८५ मैलांवर, सुमारे १९०० फूट उंचीवरची हवा चाखायला उन्हाळ्यात मुंबईचे साहेबलोकही येऊ लागले. मामलेदार कचेरीचा दरारा असला तरी गावाची घटिका रेल्वेच्या भोंग्यावरच चाले.

१९३० च्या सुमारास घाटात विजेची इंजिने आली, तेव्हा आता गाडी इथे कशाला थांबेल, असे वाटणे साहजिक होते. पण वीज इगतपुरीपर्यंतच आली होती. पुढच्या प्रवासास वाफेचे इंजिन जोडणे भागच होते. पुढे भुसावळकडील मार्गही विजेवर आला तो वेगळ्या जातीच्या प्रवाहावर, आणि इंजिन बदलण्याचा इगतपुरीचा हक्क एकविसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत अबाधित राहिला.