शितावरून रानाची परीक्षा

शितावरून भाताची परीक्षा आपल्याला कुणी शिकवायला नको. पण पातेलं मोठं असलं की आपण एकच शीत दाबत नाही. वरचं बघतो, तळाचंही बघतो. रानातली जैवविविधता मोजणारे अभ्यासक तेच करतात.

पूर्वी तेही नुसतं बघून ‘हे भरपूर, ते तुरळक’ असं लिहीत. 1898 मध्ये अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात पाउंड आणि क्लेमंट्स या दोघांनी गवताळ रानात पाच-पाच मीटरचे चौकोन आखले आणि आतली रोपं एकेक करून मोजली. तेव्हा कळलं, नजर फसवते. उंच, फुललेलं तेवढं डोळ्यांत भरतं. जमिनीलगतचं राहून जातं. म्हणून चौकोन आवडीच्या जागी आखायचा नाही. बांध, मधलं रान, ओहोळाचा काठ, सगळीकडचा नमुना घ्यायचा.

आपली कादवा दिंडोरीतून वाहत जाऊन नांदूर मध्यमेश्वरजवळ गोदावरीला मिळते. तिथलं पक्षी अभयारण्य 1986 चं, आणि महाराष्ट्रातलं पहिलं रामसर पाणथळही तेच. पाण्यावर बसलेले हजारो पक्षी एकेक कसे मोजणार? आधी पन्नासांचा घोळका मोजतात, मग तसे किती घोळके आहेत ते बघतात. आशियात पाणपक्ष्यांची अशी गणना 1987 पासून दर जानेवारीत होते, कारण थंडीत परदेशी पाहुणे आलेले असतात. दरवर्षी तीच जागा, तोच महिना, म्हणूनच वाढले की घटले ते सांगता येतं.

पक्ष्यांची अशी वही झाली. आपल्या पाथरीची, घोळाची, तांदुळजाची काय? निंदायला बसणारीला कोणती भाजी कुठे उगवते ते पाठ असतं. पण द्राक्षबागेत तणनाशक पडलं की भाजी जाते, आणि ती कधी होती याचा कागदोपत्री पुरावाच उरत नाही. 2002 च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही आणली. 2004 च्या नियमांत समितीत किमान एक तृतीयांश महिला सांगितल्या. काही ठिकाणी बायकांची फक्त सही घेतात, हे आपण ऐकतोच.

तर येत्या बैठकीत आपण ग्रामसेवकांकडे नोंदवही मागू. पाऊस पडून रान हिरवं झालं, की तणनाशकाआधी चार खुंट्या आणि सुतळी घेऊन जाऊ. बागेतला एक चौकोन, बांधावरचा एक, कादवेकाठचा एक. नावं आपल्याच बोलीतली लिहू, तारखेसकट.