दोनहाती फ्लाय रॉड

दोनहाती फ्लाय रॉड ही कृत्रिम माशी लावलेला गळ दोन्ही हातांनी दूर फेकण्याची लांब काठी होय. माशीला वजन जवळजवळ नसल्याने फेक दोरीच्या वजनावर साधते. काठीवरील क्रमांक तिला योग्य अशा दोरीचे वजन दर्शवितो.

हा प्रकार स्कॉटलंडमधील स्पे नदीवरील सॅमन मासेमारीशी निगडित आहे. नदीवरील काठ्या सामान्यतः १३ ते १५ फूट लांब असतात. लाटांत मात्र पुनःपुन्हा फेक करावी लागत असल्याने ११ ते १२ फुटांची हलकी, ताठ काठी पसंत केली जाते.

रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील परंपरागत साधने गळ, पाग व रापण ही होत. काजळी नदी भाट्ये येथे समुद्रास मिळते. कोकणातील अशा खाडीमुखांशी आढळणाऱ्या रावस, जिताडा यांसारख्या माशांसाठी ८ ते १० क्रमांकाची काठी उपयुक्त ठरते. वारा जोराचा असल्यास वरचा क्रमांक निवडतात. लांब काठीमुळे दोरी फुटणाऱ्या लाटांच्या वर राहते व खोल पाण्यात उतरावे लागत नाही, हा तिचा मुख्य लाभ होय. पावसाळ्यातील खवळलेल्या समुद्रात मात्र कोणत्याही काठीने किनाऱ्यावरील मासेमारी धोक्याचीच असते.