भोगीच्या भाजीची कुळकथा

संक्रांतीच्या आदल्या दिवशीच्या भोगीच्या भाजीत बटाटा आणि टोमॅटो घालावा की नाही, हा वाद आपल्या मंडळात दर पौषात निघतो. वडीलधाऱ्या भगिनींना हे परके जिन्नस सणाला चालत नाहीत. सुना म्हणतात, त्याशिवाय मुले भाजीला हात लावत नाहीत. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तरी वाचनालयातून पुस्तके आणून या भाजीच्या कुळाचा थोडा शोध घेतला, तो येथे देते.

राजेलोकांचे जेवण पोथीत सापडते. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वर राजाने सुमारे ११२९ साली 'मानसोल्लास' ग्रंथ रचला, त्यात पक्वान्नांची वर्णने आहेत. आपल्यासारख्यांच्या चुलीवर काय शिजे, ते मात्र कोणी लिहून ठेवले नाही. ते राखेत शोधावे लागते. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तेथे १९६८ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या वस्तीत जळून कोळसा झालेले दाणे मिळाले. त्यांत जव, मसूर, कुळीथ होते, वाल होते, आणि बोरेही होती! म्हणजे आपल्या भाजीतले बोर कोणत्याही राजापेक्षा जुने. वांगे आणि तीळ हेही याच देशाचे.

पण भोगीची बाजरी? ती मुळात आफ्रिकेची, काही हजार वर्षांपूर्वी इकडे आली. गाजर इराण-अफगाणिस्तानाकडचे, आज बाजारात दिसणारे नारिंगी गाजर तर सतराव्या शतकाच्या सुमारास हॉलंडात प्रचारात आले. कोलंबस १४९२ साली अमेरिकेला पोचला आणि १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला. त्यानंतर त्यांच्या गलबतांतून अमेरिकेचे जिन्नस आपल्या किनाऱ्याला लागले. मिरची त्यांतलीच. त्यापूर्वी तिखटपणाला मिरे आणि आले असे. भुईमूगही मूळचा अमेरिकेचा. बटाट्याने तर पोर्तुगीज नावही बदलले नाही. तेव्हा जी बाई बटाट्याला परका म्हणून हाकलते, तिने आधी आपला तिखटाचा डबा आणि दाण्याचे कूट बाहेर काढावे.

हे लिहिले म्हणून मी बटाट्याची वकील नव्हे. तो विरघळून भाजीला पिठूळ करतो आणि तिळाची चव झाकतो, एवढीच माझी तक्रार. टोमॅटोने आंबटपणा येतो, पण मग चिंच आणि बोर घालायचे कारण उरत नाही. खरे नुकसान तेथेच होते. एखादा नवा जिन्नस आला तर भाजी बिघडत नाही, आजवर किती आले! पण हल्ली बोरे कोणी घालीत नाही, सोललेल्या पावट्याऐवजी बारमाही गोठवलेले मटार येतात, आणि ओल्या हरभऱ्याचे सोले तर कित्येक मुलांनी पाहिलेलेच नाहीत. तीन हजार वर्षे टिकलेले बोर आपल्याच हातून सुटत आहे.

आमच्या घरी अशी करतात: फोडणीत ओले शेंगदाणे, सोले आणि पावटे आधी घालून झाकणावर पाणी ठेवून वाफ आणायची. मग गाजर, घेवडा, उसाचे करवे. वांगी त्यानंतर, नाहीतर त्यांचा लगदा होतो. चिंचेचा कोळ, गूळ आणि भाजलेल्या तिळाचे भरपूर कूट घालून, शेवटी बोरे अख्खीच टाकायची. ती फुटू देऊ नयेत. बाजरीच्या भाकरीवर तीळ थापायचे आणि लोण्याचा गोळा जवळ ठेवायचा.

यंदाच्या मंडळाच्या भोगीला बोरे गावाकडून येणार आहेत. हरभऱ्याचे डहाळे मात्र सकाळी सातच्या आत बाजारात गेल्याशिवाय मिळत नाहीत, आणि सोलायला चार जणी तरी लागतील.