बावीस शब्दांची प्रार्थना

शाळा प्रार्थनेने सुरू व्हावी यात आपल्याला वावगे वाटत नाही. अमेरिकेतील बहुतेक पालकांनाही वाटत नव्हते. तरीही तेथील सर्वोच्च न्यायालयाने २५ जून १९६२ रोजी सरकारी शाळांतील एक प्रार्थना घटनाबाह्य ठरवली. न्यायालयाने देवालाच शाळेबाहेर काढले, अशी ओरड देशभर झाली. खरोखर तसे झाले होते काय?

या वादाची सुरुवात नास्तिकांनी केलेली नाही. एकोणिसाव्या शतकात तेथील सरकारी शाळांत प्रॉटेस्टंट पंथाचे बायबल वाचले जाई. कॅथलिक पालकांना आपल्या मुलांसाठी आपल्या पंथाची प्रत हवी होती. त्यातून पेटलेल्या वैरापायी १८४४ मध्ये फिलाडेल्फियात दंगली उसळल्या, माणसे मेली, दोन कॅथलिक चर्चे जाळली गेली. एकाच येशूला मानणाऱ्यांची ही गत!

पुढे न्यूयॉर्क राज्याच्या शिक्षण मंडळाने १९५१ मध्ये सर्वांना चालेल अशी प्रार्थना स्वतःच रचली. इंग्रजीत अवघे २२ शब्द. स्वतःसाठी, आईवडील, शिक्षक व देश यांच्यासाठी ईश्वराचा आशीर्वाद मागणारी. येशूचे नावही त्यात नव्हते. १९५८ मध्ये ती लाँग आयलंडवरील न्यू हाइड पार्कच्या शाळांत सुरू झाली. नको असेल त्या विद्यार्थ्याला गप्प राहण्याची वा वर्गाबाहेर जाण्याची मुभा होती. तरीही दहा विद्यार्थ्यांच्या पालकांनी दावा लावला. राज्यातील न्यायालयांत ते हरले; सर्वोच्च न्यायालयात सहा विरुद्ध एक मतांनी जिंकले.

निकाल लिहिणारे न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक हे काही धर्मद्वेष्टे नव्हते. त्यांनी अनेक वर्षे चर्चच्या रविवारच्या शाळेत शिकवले होते. प्रार्थना रचून देणे हे सरकारचे काम नव्हे, सरकार आणि धर्म एकत्र आले की सरकारही बिघडते आणि धर्मही हीन होतो, असे त्यांचे म्हणणे. धर्म आणि राज्य यांमधील 'भिंत' हा जेफर्सनचा प्रसिद्ध शब्दही १८०२ मधील एका पत्रातला आहे. ते पत्र कनेटिकटमधील अल्पसंख्य बॅप्टिस्ट भाविकांना लिहिलेले होते. भिंत हवी होती ती श्रद्धावंतांनाच.

विद्यार्थ्याने मनोमन वा स्वखुशीने केलेल्या प्रार्थनेला या निकालाने हात लावला नाही. १९६३ च्या पुढच्या निकालाने शाळेतील रोजचे बायबलवाचन बंद केले, पण धर्मांचा अभ्यास इतिहास व साहित्य म्हणून करण्यास मोकळीक ठेवली. वाद मात्र मिटला नाही. २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने सामन्यानंतर मैदानावर प्रार्थना करणाऱ्या एका सरकारी शाळेच्या फुटबॉल प्रशिक्षकाची बाजू उचलून धरली.

आपल्या राज्यघटनेचे कलम २८ याच प्रश्नाशी निगडित आहे. सरकारमान्य वा सरकारी अनुदानावर चालणाऱ्या शाळेत पालकांच्या संमतीवाचून अल्पवयीन मुलाला धार्मिक उपासनेत सामील करता येत नाही. पण 'मुभा' या शब्दावर शिक्षकांनी आणि पालकांनी थोडे थांबावे. चाळीस मुले हात जोडून उभी असताना एकट्याने वर्गाबाहेर जाणे दहा वर्षांच्या पोराला कितपत जमेल? वर्गात आपण मोजकेच असणे म्हणजे काय, हे दुभाषी मुलखातील आपल्या घरांना कुणी समजावून सांगायला नको.