चार माणसांचा हिशेब

२० मे १७४७ रोजी 'सॅलिसबरी' या ब्रिटिश युद्धनौकेवर जेम्स लिंड नावाच्या डॉक्टरने स्कर्व्हीने खंगलेले बारा खलाशी निवडले आणि त्यांच्या सहा जोड्या लावल्या. जेवण सगळ्यांना सारखंच. वरून मात्र एका जोडीला सायडर, एकीला पातळ गंधकाम्लाचे थेंब, एकीला व्हिनेगर, एकीला समुद्राचं पाणी, एकीला लसूण-मोहरीची चाटणगोळी आणि एका जोडीला रोज दोन संत्री नि एक लिंबू. सहा दिवसांत फळं संपली. तोवर संत्रीवाल्यांपैकी एकजण कामावर रुजूही झाला होता आणि दुसऱ्याला बाकीच्या आजाऱ्यांची शुश्रूषा करायला बसवलं होतं.

संख्याशास्त्राच्या वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरून हमखास प्रश्न यायचा, "मॅडम, दोनच माणसं?" ब्रिटिश नौदलाने सरसकट लिंबाचा रस द्यायला १७९५ उजाडलं. दोष सगळा 'दोनच'चा नव्हता. लिंडने स्वतःच आपल्या जाडजूड ग्रंथात हा प्रयोग काही परिच्छेदांत उरकला होता.

माझा एक जुना विद्यार्थी गेल्या वर्षी म्हणाला, "मॅडम, अंतराळवीरांच्या तब्येतीच्या माहितीवर स्पर्धा आहे. बक्षीस आहे. सॅम्पल अगदी छोटं. तुमच्याशिवाय कोण?" निवृत्त माणसाला एवढं पुरतं. पण नियमावली वाचता वाचता माझं लक्ष बक्षिसावरून लहान नमुन्यांच्या या धंद्याच्या वंशावळीकडेच वळलं.

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण भात एका पातेल्यात, एका आचेवर शिजलेला असतो आणि शितं लाखो असतात. इथे पातेल्यातच चार शितं. सप्टेंबर २०२१ मध्ये 'इन्स्पिरेशन-४' या यानातून दोन पुरुष आणि दोन स्त्रिया तीन दिवस पृथ्वीभोवती फिरून आल्या. त्यांचं रक्त, त्वचा, लाळ सगळं तपासलं गेलं; स्पर्धेतली माहिती तीच. त्याआधी स्कॉट केली ३४० दिवस अंतराळस्थानकात राहिला आणि त्याचा जुळा भाऊ मार्क तुलनेसाठी जमिनीवर. म्हणजे इकडे एक, तिकडे एक. स्कॉटच्या गुणसूत्रांची टोकं वर असताना लांबली आणि परतल्यावर भराभर आखूड झाली. यात अंतराळाचा वाटा किती आणि स्कॉटचा किती, हे एका माणसावरून कसं सांगणार?

असल्या प्रश्नांचा मूळपुरुष डब्लिनच्या गिनेस दारूभट्टीत नोकरीला होता. विल्यम सीली गॉसेट, ऑक्सफर्डला रसायनशास्त्र आणि गणित शिकलेला, १८९९ साली तिथे लागला. सातू, हॉप्स, यीस्ट यांचे प्रयोग खर्चिक आणि वेळखाऊ. एका जातीच्या सातूचे हजार प्लॉट कोण लावणार? चार-पाच आकड्यांवर निर्णय घ्यावा लागे, आणि तेव्हाचं संख्याशास्त्र मोठ्या नमुन्यांसाठी बेतलेलं होतं. गॉसेट लंडनला कार्ल पिअरसनकडे जाऊन राहिला आणि १९०८ मध्ये त्याने 'स्टुडंट' या टोपणनावाने लहान नमुन्यांच्या गणितावर निबंध छापला. व्यापारी गुपितं फुटू नयेत म्हणून कंपनी कर्मचाऱ्यांना स्वतःच्या नावाने लिहू देत नसे.

त्याने पडताळा कसा घेतला, ते मला फार आवडतं. तीन हजार गुन्हेगारांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी, ही मापं आधीच छापलेली होती. गॉसेटने ती पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहिली, पिसली आणि चार-चारांचे ७५० गट पाडले. संगणक नाही, काही नाही. नुसते पुठ्ठे.

निबंधातलं एक उदाहरण तर औषधाचंच आहे. मिशिगनमधल्या कॅलमझू इथल्या मनोरुग्णालयातले दहा रुग्ण आणि झोपेची दोन औषधं. एकाने सरासरी पाऊण तास झोप वाढली, दुसऱ्याने २.३३ तास. गॉसेटने औषधांची नावं चुकीची दिली, पण गणित टिकलं. ते दहा रुग्ण 'आर' या संगणकप्रणालीत 'स्लीप' नावाने आजही आहेत.

चार माणसं असली की गॉसेटच्या गणितातून निघालेल्या टी-कोष्टकातला आकडा येतो ३.१८२. मोठ्या नमुन्याला जिथे १.९६ पुरतं, तिथे एवढा जास्त पुरावा लागतो. ही लहानपणाची किंमत. ती भरायची तयारी असेल तर चार माणसंही बोलतात.

पण बक्षीस आलं की गणित बिघडतं. चार माणसांवर हजारो जनुकांची मोजमापं असतात आणि स्पर्धेत शंभर गट उतरतात. कुणाला ना कुणाला काहीतरी चमकदार सापडणारच, नुसत्या नशिबाने. हा संशय जुनाच. १७१४ साली ब्रिटिश संसदेने समुद्रावर रेखांश अर्ध्या अंशापर्यंत काढणाऱ्याला वीस हजार पौंड जाहीर केले. जॉन हॅरिसन या सुताराने केलेलं घड्याळ त्याचा मुलगा घेऊन जमैकाला गेला आणि तिथे पोहोचेपर्यंत ते जेमतेम पाच सेकंद मागे पडलं. बक्षिसाचा निवाडा करणारं मंडळ म्हणालं, योगायोग असेल, पुन्हा जा. दुसरी सफर १७६४ मध्ये बार्बाडोसला झाली, घड्याळ पुन्हा कसोटीला उतरलं, तरी पैशासाठी म्हाताऱ्याला तंगवलं. आठ हजार साडेसातशे पौंडांची शेवटची रक्कम त्याला १७७३ मध्ये मिळाली, वयाच्या ऐंशीत. लोक त्या मंडळाला शिव्या घालतात. तंगवल्याबद्दल मीही घालते. पण दुसऱ्या सफरीचा आग्रह? मी असते तर तो मीही धरला असता. एक घड्याळ, एक सफर, एवढ्यावर आरमार कसं सोपवणार?

म्हणून माझी अट एकच होती. माहितीची फाईल उघडण्याआधी आपला प्रश्न कागदावर लिहायचा आणि तो बदलायचा नाही. विद्यार्थी कुरकुरला, "मॅडम, बाकीचे सगळं चाळून बघतील, आपण मागे पडू." पडू दे, म्हटलं. दुसरं एक मला खटकत होतं. फाईलमध्ये नावं झाकलेली, पण चौघांत एक विशीतली बाई म्हटलं की नाव झाकून उपयोग काय? वय आणि लिंग यांची सांगड घालणारा एकही तक्ता आम्ही काढला नाही.

उत्तर आलं ते असं: बदल दिसतो, पण त्याच्या मर्यादा इतक्या रुंद की त्यांत शून्यही मावतं. विद्यार्थ्याला ते शेवटच्या पानावर ढकलायचं होतं. मी पहिल्या पानावर घेतलं, आणि खाली लिहिलं की सप्टेंबर २०२४ मध्ये 'पोलारिस डॉन' यानातून आणखी चौघं जाऊन आली आहेत, तीच मापं त्यांच्यावर घेतली असतील तर हाच प्रश्न, एक अक्षर न बदलता, त्यांना लावून पाहावा.