सरळ तार, उलटी तार

२००० सालच्या आसपास नाशकात ज्यांनी कोणी घरी किंवा हॉस्टेलवर दोन कॉम्प्युटर एकमेकांना जोडले असतील, त्यांना 'क्रॉस केबल' हा शब्द पक्का आठवत असेल. हब घ्यायला पैसे नाहीत, म्हणून दोन लॅनकार्डांमध्ये एकच वायर. वायर नवी, जॅक घट्ट, आयपी ॲड्रेस बरोबर, आणि तरी कार्डावरचा दिवा काही लागत नाही! का? तर वायर 'सरळ' होती.

ही भानगड आली कुठून? आधी कोॲक्सियल केबल असायची. एकच वायर सगळ्या मशीनांवरून फिरायची, बोलणं-ऐकणं तिच्यावरच. सरळ-उलट असा प्रश्नच नव्हता. (दुखणं वेगळंच: मधला एक जोड निघाला की अख्खं नेटवर्क आडवं.) १९९० मध्ये १०बेस-टी हे मानक आलं आणि प्रत्येक मशीनला हबपर्यंत स्वतःची वायर मिळाली. त्यात बोलायची जोडी वेगळी, ऐकायची वेगळी. कॉम्प्युटर १ आणि २ नंबरच्या पिनांवर बोलतो, ३ आणि ६ वर ऐकतो. हबचं मुद्दाम याच्या उलट ठेवलं, म्हणून तिथे सरळ वायर चालते. पण दोन कॉम्प्युटर सरळ वायरने थेट जोडले की तोंडाला तोंड आणि कानाला कान! उपाय काय, तर वायरच्या एकाच टोकाला नारिंगी आणि हिरव्या जोडीची अदलाबदल करायची. झाली क्रॉस केबल.

मग आता ती कुणाला लागत का नाही? एचपीचे इंजिनिअर डॅनियल डोव्ह आणि ब्रूस मेल्व्हिन यांनी हे काम पोर्टवरच सोपवलं. पलीकडून सिग्नल आला नाही, तर पोर्टने आपल्या जोड्या आपणच बदलून बघायच्या. सोपं वाटतं ना? पण दोन्ही टोकं सारखीच हुशार असली तर? जुन्या नाशकातल्या बोळात समोरासमोर आलेली दोन माणसं आठवा. एक डावीकडे सरकतो, त्याच क्षणी समोरचा उजवीकडे, की पुन्हा आमनेसामने. तसंच इथे. म्हणून प्रत्येक पोर्ट 'आता बदलू की थांबू' हे जणू नाणं उडवून ठरवतं. थोड्याच वेळात दोघांचा ताल चुकतो आणि दिवा लागतो. यालाच ऑटो एमडीआय-एक्स म्हणतात. १९९९ च्या गिगाबिट मानकात ही सोय ऐच्छिक होती, पण जवळजवळ सगळ्यांनीच ती घेतली.

तरी घरातली जुनी क्रॉस केबल लगेच भंगारात देऊ नका. सातपूर-अंबडसारख्या औद्योगिक वसाहतींत मशीनं वीस-वीस वर्षं चालतात. जुन्या कंट्रोलरला ही सोय नसते. आणि समोरच्या स्विचवर कोणी स्पीड हाताने पक्का करून ठेवला असेल, तर बऱ्याच स्विचांत ती बंद पडते. दोन्ही गोष्टी जुळून आल्या की वायर सरळ की उलटी यावर मशीन चालणं अवलंबून असतं, आणि अख्खी शिफ्ट खोळंबते. अशा वेळी आधी वायरची दोन्ही टोकं शेजारी धरून रंग बघा. सॉफ्टवेअर नंतर!