अंधारातील इंधनभरणा : ‘ब्लॅक बक’ मोहीम

लष्करी विमानाचा पल्ला त्याच्या टाकीतील इंधनावर ठरतो. ही मर्यादा ओलांडण्यासाठी उड्डाण सुरू असतानाच टँकर विमानाकडून इंधन घेतले जाते. एका पद्धतीत टँकरच्या मागे लवचीक नळी सोडली जाते. तिच्या टोकाशी बॅडमिंटनच्या फुलासारखी टोपली असते. मागील विमानाच्या वैमानिकाला आपल्या विमानाच्या पुढील भागावरील पोकळ दांडा या टोपलीत अचूक घालावा लागतो. रात्री क्षितिज दिसत नाही, अंतराचा अंदाज चुकतो. टँकरवरील दिवे हाच काय तो आधार.

या तंत्राची कठोर परीक्षा १९८२ च्या फॉकलंड युद्धात झाली. अर्जेंटिनाने घेतलेल्या पोर्ट स्टॅनलीची धावपट्टी असेन्शन बेटावरील तळापासून सुमारे ६,३०० किलोमीटर दूर होती. ३० एप्रिलच्या रात्री ब्रिटनची दोन ‘व्हल्कन’ बॉम्बफेकी विमाने आणि ११ ‘व्हिक्टर’ टँकर तेथून निघाले. मुख्य व्हल्कनमध्ये हवेचा दाब टिकेना, म्हणून ते परतले. मार्टिन विदर्स यांच्या राखीव व्हल्कनवर जबाबदारी आली. टँकर व्हल्कनला आणि एकमेकांनाही इंधन देत टप्प्याटप्प्याने मागे फिरत होते.

अखेरच्या टप्प्याआधी, वादळी हवेत इंधन घेताना एका व्हिक्टरचा दांडा तुटला. त्याला दिलेले इंधन बॉब टक्सफोर्ड यांच्या व्हिक्टरने परत घेतले आणि पुढची जबाबदारी स्वीकारली. व्हल्कनला अखेरचे इंधन दिल्यावर टक्सफोर्ड यांच्याकडे असेन्शनपर्यंत पोहोचण्याइतके इंधन उरले नव्हते. तरीही मोहिमेची गुप्तता फुटू नये म्हणून बॉम्बफेक झाल्याचा संकेत येईपर्यंत त्यांनी रेडिओवरून मदत मागितली नाही. त्यानंतर दुसऱ्या टँकरने वाटेत गाठून त्यांचे विमान वाचवले.

१ मे रोजी पहाटेपूर्वी विदर्स यांनी एक हजार पौंडी २१ बॉम्ब टाकले. त्यांतील एकच धावपट्टीवर पडला. अर्जेंटिनाची मालवाहू विमाने तेथे पुढेही उतरत राहिली, त्यामुळे मोहिमेच्या लष्करी लाभाविषयी मतभेद आहेत. विदर्स यांना ‘डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस’, तर टक्सफोर्ड यांना ‘एअर फोर्स क्रॉस’ मिळाला.

भारतीय हवाई दलात २००३ मध्ये दाखल झालेल्या ‘इल्यूशिन-७८’ टँकरमध्येही नळी व टोपलीचीच पद्धत आहे.